क्रौंचाचा पत्ता वनखात्यात नाही, पाटबंधारे खात्यात आहे

प्रति,
सायबेरियन क्रौंचासाठीच्या करारावर सह्या केलेल्या ११ देशांची सरकारं, आणि त्यातही खास करून धरणांचे दरवाजे कधी उघडायचे आणि कधी लावायचे ते ठरवणारे साहेब लोक

नमस्कार,

सुरुवातीलाच सांगून टाकतो, हे पत्र पर्यावरण मंत्रालयांना नाहीये. त्यांना गेली कित्येक वर्षं सगळेच लिहितायत, त्यांच्याकडे फाईली आहेत, पोस्टर आहेत, शाळेतल्या मुलांच्या चित्रकला स्पर्धासुद्धा होतात, आणि त्यांना हा पक्षी माहितीये. ज्यांना तो माहीत नाही, किंवा माहीत असला तरी आपला काय संबंध असं वाटतं, त्या तुम्हा जलसंपदावाल्या मंडळींना मी लिहितोय. तुम्ही सिंचन म्हणा, नदी खोरं प्राधिकरण म्हणा, आपल्याकडे आम्ही सरळ पाटबंधारे खातं म्हणतो, तर ते.

१९९३ साली स्थलांतरित प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली सायबेरियन क्रौंचासाठी एक सामंजस्य करार झाला, त्या प्रकारचा तो पहिलाच. रशिया, चीन, भारत, इराण, पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, अझरबैजान, मंगोलिया. ही यादी परत एकदा वाचा, यातले किती देश एकमेकांशी धड बोलतात ते बघा, आणि तरी एका पांढऱ्या पक्ष्यासाठी सगळ्यांनी सह्या केल्या याचं मला आजही कौतुक वाटतं, खोटं कशाला बोलू. पण सही करणारा हात एका खात्याचा आणि दरवाज्याचं चाक फिरवणारा हात दुसऱ्याच खात्याचा, आणि घोळ सगळा तिथेच आहे.

आधी पक्षी कोण ते सांगतो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो फक्त लोगोवर बघितला असेल. जगात क्रौंचांच्या १५ जाती आहेत, त्यातला सगळ्यात जास्त पाण्यात राहणारा हा. उंची साधारण १४० सेंटीमीटर, अंग पांढरंशुभ्र, तोंडावर पिसं नसलेली लाल कातडी, आणि पंखांची टोकं काळी, पण ती उडाल्याशिवाय दिसतच नाहीत. पिल्लू मात्र दालचिनीच्या रंगाचं. सगळ्यात महत्त्वाची चोच, कारण तिच्यावर पुढचा सगळा हिशोब आहे. लांब, जाड आणि कडांना करवतीसारखे बारीक दाते असलेली ही चोच म्हणजे चिखलातून कंद उपसायचं अवजार आहे. बाकीचे क्रौंच वेळ आली की शेतात उतरतात, पडलेलं धान्य वेचतात, युरोपातला साधा क्रौंच तर मक्याच्या कापलेल्या शेतांवर चरून चांगला वाढलाय. हा सायबेरियन महाशय मात्र जमेल तोवर पाण्यातच उभा राहणार, तेही साधारण अर्ध्या मीटरच्या आतल्या पाण्यात, आणि डोकं घालून घालून चिखल उकरत बसणार. रात्रीसुद्धा उथळ पाण्यातच उभ्याउभ्या झोपतो, म्हणजे कोल्हा आला तर पाणी वाजून कळतं.

आता बघा, अर्धा मीटर. तुमच्या तक्त्यात अर्धा मीटर म्हणजे चुकभूल द्यावी घ्यावी इतकाच आकडा, पण याच्यासाठी तेवढ्यातच जेवण आणि उपास ठरतो.

उदाहरण म्हणून पोयांग सरोवरच घेऊ, कारण जगातल्या सायबेरियन क्रौंचांपैकी जवळपास सगळेच्या सगळे, ९८ टक्क्यांच्या वर, हिवाळ्यात चीनच्या च्यांगशी प्रांतातल्या या एकाच सरोवराच्या आसपास असतात. पोयांग हे चीनमधलं सगळ्यात मोठं गोड्या पाण्याचं सरोवर, पण सरोवर म्हटल्यावर डोळ्यासमोर येतं तसं ते नाहीच. उन्हाळ्यात पाच नद्या त्यात येतात, खालून यांगत्सी फुगलेली असते त्यामुळे पाणी बाहेर जात नाही, आणि सरोवर ३००० चौरस किलोमीटरच्या वर पसरतं. हिवाळ्यात यांगत्सी उतरली की हे पाणी तिच्यात निघून जातं आणि मागे उरतात छोटी छोटी तळी, चिखलाची मैदानं आणि ओली गवताळ कुरणं, सगळं मिळून १००० चौरस किलोमीटरच्याही आत. दर वर्षी पाण्याची पातळी कित्येक मीटरनी वरखाली. इंजिनियरच्या नजरेला हे भयंकर अस्थिर वाटणार, मला कल्पना आहे. पण हीच अस्थिरता क्रौंचाचं कोठार भरते.

ते कसं, तर व्हॅलिस्नेरिया नावाची पाण्याखाली वाढणारी लांब पात्यांची वनस्पती असते, बऱ्याच जणांनी ती काचेच्या फिशटँकमध्ये बघितली असेल. ती उन्हाळ्यात वाढते, त्यासाठी पाणी उथळ आणि स्वच्छ हवं, तळापर्यंत ऊन पोचायला हवं. वाढली की चिखलात कंद धरते. मग हिवाळा येतो, पाणी हळूहळू उतरतं, आणि उतरता उतरता दर आठवड्याला एक नवीन पट्टा क्रौंचाच्या चोचीच्या टप्प्यात येतो. आपल्याकडे धरणाचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात ना, तसलाच प्रकार, फक्त इथे पीक आधीच तयार असतं आणि पाणी सरकेल तशी कापणी करत जायची. पाणी एकदम उतरलं तर चिखल सुकून दगड होतो, चोच आत जात नाही. उतरलंच नाही तर कंद खोल राहतात, दिसतायत पण हाताला लागत नाहीत अशातली गत. म्हणजे कंद उन्हाळ्यात किती पाणी होतं यावर आणि ते खायला मिळणं हिवाळ्यात किती वेगानं उतरलं यावर, दोन्ही चुकीचे झाले की संपलं.

आणि हे नुसतं पुस्तकी नाहीये. २०१० च्या उन्हाळ्यात पोयांगला मोठा पूर आला, पाणी खोल आणि गढूळ, वनस्पती वाढलीच नाही. त्या हिवाळ्यात क्रौंचांनी जे याआधी फारसं कोणी बघितलं नव्हतं ते केलं, पाणी सोडून ओल्या कुरणात उतरले आणि तिथल्या झाडोऱ्याची मुळं खात बसले. पुढच्या वर्षांत नानचांगजवळच्या कमळकाकडीच्या शेतांत आणि भाताच्या खाचरांत त्यांचे थवे दिसायला लागले. फोटो फार सुंदर येतात तिथे, लोक गर्दी करतात, आणि काही कमळाची तळी आता खास क्रौंचांसाठी राखून ठेवलीयत हे पण चांगलंच आहे. पण पाण्यावर जगणारा पक्षी माणसाच्या शेतात येऊन कमळकाकडी उपसतोय याला मी जुळवून घेणं म्हणणार नाही, पोटासाठी घर सोडून आलेला म्हणेन. २०२० ला पोयांगनं पुराचा जुना उच्चांक मोडला आणि दोनच वर्षांनी, २०२२ ला, ऐन पावसाळी दिवसांत ते इतक्या लवकर आटलं की कधी कोणी बघितलं नव्हतं. हवामान बदलतंय हा एक भाग झालाच, पण दुसरा भाग तुमचा आहे. यांगत्सीवर वरच्या अंगाला असलेलं थ्री गॉर्जेस धरण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरून घेतात, त्यामुळे खालची यांगत्सी नेमकी त्याच दिवसांत लवकर उतरते आणि पोयांगचं पाणी ठरल्या वेळेच्या आधीच ओढून नेते. वर सरोवराच्या तोंडाशी वर्षानुवर्षं वाळूउपसा झाला, तोंड रुंद आणि खोल झालं, पाणी अजून जोरात बाहेर. म्हणजे नळ कोणीतरी लांब बसून उघडला आणि दुसऱ्या कोणीतरी पाईप मोठा केला.

त्यावर उपाय म्हणून आता सरोवराच्या तोंडाशी दरवाज्यांचा एक लांबलचक बंधारा घालायचा प्रस्ताव बरीच वर्षं फिरतोय, हिवाळ्यात पाणी अडवून धरायचं म्हणून. चीनमधल्या जलसंपदावाल्या साहेबांनो, तुमची अडचण मला खरंच कळते, सरोवर आटलं की आजूबाजूच्या लाखो लोकांचं पिण्याचं आणि शेतीचं पाणी अडतं, मासेमारी बसते, आणि वर्तमानपत्रात भेगाळलेल्या तळाचे फोटो आले की शिव्या तुम्हालाच पडतात. बंधारा नकोच असं एका ओळीत लिहून मोकळं व्हायला मला आवडलं असतं, सोपं होतं ते. पण प्रश्न बंधाऱ्यापेक्षा त्याच्या ऑपरेशनचा आहे. हिवाळाभर एकाच पातळीवर पाणी धरून ठेवलंत तर वरून ते निळंशार भरलेलं सरोवर दिसेल, टुरिस्ट खूश होतील, आणि क्रौंचाच्या दृष्टीनं मात्र कोठाराला कुलूप लागलेलं असेल. सरोवर हलतं राहिलं पाहिजे हो, म्हणजे उतरलं पाहिजे, तेही ठरल्या महिन्यात आणि ठरल्या चालीनं.

आता कोणी म्हणेल की संख्या तर वाढतेय. खरंय, कितीतरी वर्षं ३५०० ते ४००० असा आकडा सगळीकडे छापून यायचा आणि अलीकडच्या मोजण्यांमध्ये तो ५००० च्या वर गेलाय. मलाही आनंद झाला. पण दोन गोष्टी त्यात लक्षात घ्या. एक म्हणजे हा सगळा एकखांबी तंबू आहे, पोयांग हा खांब. क्रौंच एका जागी दाटीनं राहिले की काय होतं ते २०२१ च्या डिसेंबरात इस्रायलच्या हुला खोऱ्यात दिसलं, बर्ड फ्लूनं साधे क्रौंच हजारोंनी मेले, पाण्यात नुसती प्रेतं तरंगत होती. पुढच्याच हिवाळ्यात जपानमधल्या इझुमीला तेच, तिथे हजाराच्या वर क्रौंच गेले. हुलातला साधा क्रौंच लाखोंनी आहे म्हणून तिथे निभावलं. आणि दुसरी गोष्ट या पक्ष्याच्या आयुष्याची. जोडी एका वेळी दोन अंडी घालते, पण बहुतेक वेळा एकच पिल्लू वाढतं, आणि ते मोठं होऊन स्वतः घरटं करेपर्यंत काही वर्षं जातात. आयुष्य मात्र लांबलचक, वुल्फ नावाचा एक पाळलेला नर ८० च्या पुढे जगल्याची नोंद आहे. म्हणजे एखाद्या ठिकाणी पिल्लं होणं बंद झालं तरी म्हातारे पक्षी कितीतरी वर्षं येत राहतात, आपण मोजत राहतो, आकडा ठीक दिसतो, आणि मग एकदम काही हिवाळ्यांत तो थवा नाहीसा होतो. म्हणून मी आकड्यांपेक्षा थव्यात दालचिनी रंगाची पिल्लं किती आहेत ते आधी विचारतो.

असा नाहीसा झालेला थवा आम्ही आमच्याच देशात बघितलाय, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. भरतपूरच्या केवलादेवला १९६४-६५ च्या हिवाळ्यात सायबेरियन क्रौंच २०० च्या आसपास होते. २००२ मध्ये शेवटची जोडी दिसली, त्यानंतर आजपर्यंत नाही. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा हे सगळं होऊन गेलेलं होतं, रिक्षावाल्या गाईडनं एका उथळ पाण्याकडे बोट दाखवून सांगितलं की ते इथे उभे राहायचे, आणि मी वेड्यासारखा त्या रिकाम्या पाण्याचा फोटो काढून घेतला. तो अजून फोनमध्ये आहे, त्यात काहीही दिसत नाही.

तर केवलादेव हे काय आहे, तर माणसानं बांधलेलं पाणथळ. जेमतेम २९ चौरस किलोमीटर. अजान बंधाऱ्यातून पाणी सोडायचं, आतल्या छोट्या छोट्या बांधांनी आणि दरवाज्यांनी ते वेगवेगळ्या कप्प्यांत खेळवायचं, हे राजाच्या काळापासून चालत आलेलं. राजानं ते बदकं मारायला ठेवलं होतं, १९३८ ला एकाच दिवसात ४००० च्या वर पक्षी मारल्याची पाटी तिथे दगडात कोरलेली अजून उभी आहे, आणि तरी क्रौंच येत होते. कारण पाणी वेळेवर येत होतं आणि उथळ राहत होतं, लव्हाळ्यासारख्या झाडोऱ्याचे कंद चिखलात मिळत होते. गोळीबार थांबला, १९८१ ला रामसर यादी (महत्त्वाच्या पाणथळांची आंतरराष्ट्रीय यादी), १९८२ ला राष्ट्रीय उद्यान, १९८५ ला जागतिक वारसा, एकावर एक मान मिळत गेले आणि क्रौंच कमी कमी होत गेले. याचा अर्थ शिकार बरी होती असा काढू नका प्लीज, मला एवढंच म्हणायचंय की दर्जा दिल्यानं पाणी येत नाही.

१९८२ ला अजून एक गोष्ट झाली. उद्यान म्हटल्यावर गावच्या म्हशी आत नकोत म्हणून चराई एकदम बंद केली, त्यावरून तंटा होऊन पोलीस गोळीबार झाला आणि माणसं मेली. पक्ष्यांसाठी माणसं मारली गेली ही गोष्ट आपण पक्षीवाले लोक फार भरभर बोलून पुढे जातो. आणि ज्यासाठी हे केलं ते तरी झालं का, तर नाही. म्हशी गेल्या तसं पाण्यातलं गवत बेसुमार माजलं, मोकळं उथळ पाणी भरून गेलं, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं तिथे जो दहा वर्षं अभ्यास केला त्याचा निष्कर्ष असाच निघाला की म्हशी चरत होत्या तेच पक्ष्यांना बरं होतं. नंतर वरच्या बाजूला गंभीर नदीवर पांचना धरण उभं राहिलं, करौलीच्या शेतकऱ्यांना पाणी हवं, उद्यानालाही हवं, २००४ ला तर पाणी सोडायचं की नाही यावरून मोठं राजकारण पेटलं आणि उद्यान कोरडं पडलं. मग लांबून पाईपलाईन आणून पाणी द्यायची वेळ आली. करौलीचा शेतकरी चुकला असं मला वाटत नाही, त्याच्या रानात पाणी नसताना त्याला पक्ष्याचं कौतुक सांगायला कोण जाणार. चूक ही की पाणथळाचा वाटा धरणाच्या वाटपात पहिल्या दिवसापासून लिहिलेलाच नव्हता, म्हणून दर वर्षी तो मागावा लागतो, आणि मागणाऱ्याला काय मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

भरतपूरचा थवा फक्त भरतपूरला मेला असंही नाही. पश्चिम सायबेरियात घरटी करून कझाकस्तानवरून अफगाणिस्तानातल्या गझनीजवळच्या आब-ए-इस्तादा तळ्यावर थांबत तो यायचा. त्या देशात युद्ध, तळं आटत गेलेलं, पुढे पाकिस्तानच्या वायव्येकडच्या नदीखोऱ्यांत क्रौंच पकडायची जुनी पद्धत, पाळलेले क्रौंच ओरडायला ठेवून वरचा थवा खाली बोलवायचा आणि वजन बांधलेली दोरी हवेत फेकून पाय अडकवायचे. तिथे पकडले जातात ते बहुतेक दुसऱ्या जातींचे, पण सोबत उडणारा पांढरा दोरीला काय ओळखू येतो. इतक्या लांबच्या वाटेवर कुठली कडी नेमकी कधी तुटली ते बोट ठेवून सांगता येत नाही, आणि म्हणूनच जो तो दुसऱ्या देशाकडे बोट दाखवतो.

पण ती वाट तुटली म्हणजे काय तुटलं हे समजून घ्या, कारण इथे पैसे कामाला येत नाहीत. क्रौंचाचं पिल्लू वाट पोटातून घेऊन जन्माला येत नाही. पहिल्या हिवाळ्यात ते आईबापांबरोबर उडतं, कुठल्या नदीवर वळायचं, कुठल्या तळ्यावर उतरायचं, सगळं बघून बघून शिकतं. म्हणजे भरतपूरची वाट ही त्या २०० पक्ष्यांच्या डोक्यात होती, दुसरीकडे कुठे लिहून ठेवलेली नव्हती. शेवटची जोडी गेली तेव्हा ती पुसली गेली. रशियात ओका अभयारण्यात पिंजऱ्यात वाढवलेली शंभराहून जास्त पिल्लं पश्चिम सायबेरियात सोडून झाली, साध्या क्रौंचांच्या थव्यात मिसळून बघितली, हँग ग्लायडरमागे उडवून बघितली, २०१२ ला तर खुद्द पुतिन पांढरे कपडे घालून ग्लायडरमध्ये बसले होते, जगभर बातमी झाली. थवा काही उभा राहिला नाही. अमेरिकेतही पांढऱ्या व्हूपिंग क्रेनना २००१ ते २०१५ छोट्या विमानामागे विस्कॉन्सिन ते फ्लोरिडा वाट शिकवली, आणि गंमत बघा, पक्षी वाट शिकले, परत यायला लागले, पण घरट्यावर बसले की तिथल्या काळ्या माश्या त्यांना असं फोडून काढायच्या की ते अंडी सोडून उठायचे. जागा निवडण्यातच चूक झाली होती. वाट शिकवली तरी जागा बरोबर हवीच.

इराणच्या फेरेदुनकेनारची गोष्ट तर तुम्हाला माहीतच असेल. पश्चिमेच्या, म्हणजे इराणला येणाऱ्या थव्यातला एकच नर उरला, लोकांनी त्याचं नाव ठेवलं ओमीद, म्हणजे आशा. पंधराएक हिवाळे तो हजारो किलोमीटर एकटाच उडून त्याच शेतांत येत राहिला. २०२३ च्या सुरुवातीला बेल्जियमहून पिंजऱ्यात वाढलेली रोया नावाची मादी आणून त्याच्याजवळ सोडली. दोघं शेजारी उभे असलेला व्हिडिओ मी किती वेळा बघितला असेल सांगता येत नाही. मला त्यात ओमीदपेक्षा ती जागा जास्त विचार करायला लावते. भाताची पाणी भरलेली खाचरं, आणि त्यात दामगाह, म्हणजे बदकं पकडायचे झाडझाडोऱ्यानं आडोसा केलेले तलाव. बदकं जाळ्यात यायला हवीत तर शांतता हवी, म्हणून दामगाहचे मालक तिथे बंदूक चालवू देत नाहीत आणि हिवाळाभर पाणी धरून ठेवतात. शिकाऱ्यांच्या स्वार्थानं क्रौंचाला आसरा मिळाला, आणि कारण परत तेच, उथळ पाणी, ठरल्या वेळी, आणि गडबड नाही.

सगळंच रडगाणं नाहीये. चीनच्याच ईशान्येला मोमोगे नावाचं अभयारण्य आहे, रशियाच्या ईशान्येकडच्या याकुतियाच्या टुंड्रातून पोयांगला जाणारे पूर्वेचे बहुतेक क्रौंच तिथे वाटेत मुक्काम करतात, जाताना महिनाभर आणि येतानाही. एकूण ५००० किलोमीटरच्या वाटेवरचा तो पेट्रोल पंप म्हणा. हे पाणथळ सुकत चाललं होतं, मग पाणी मोजून सोडायला लागले, कंद देणारा झाडोरा परत आला आणि क्रौंच मोठ्या संख्येनं उतरायला लागले. २००३ ते २००९ या काळात चीन, इराण, कझाकस्तान आणि रशिया या चार देशांत क्रौंचांच्या पाणथळांवर जो एकत्र प्रकल्प झाला त्याचा मोठा धडा मला तरी हाच वाटतो की पाणी सोडायच्या वेळापत्रकात पक्षी घालता येतो. करणारे तुमच्यासारखेच इंजिनियर होते, वेगळ्या ग्रहावरून आलेले नव्हते.

आणि घालता नाही आला की काय होतं त्याचं उदाहरण टेक्सासचं. व्हूपिंग क्रेन १९४१ ला जंगलात २० च्या घरात उरले होते, आज त्यांचा टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या अरान्सासला हिवाळा काढणारा थवा ५०० च्या वर गेलाय, म्हणजे जगातल्या सगळ्यात मोठ्या यशांपैकी हे एक. तरी २००८-०९ च्या दुष्काळात वरच्या नद्यांचं पाणी शेती-उद्योगाला वाटून उरलं नाही, खाडीचं पाणी जास्त खारट झालं, निळे खेकडे घटले, क्रौंचांना प्यायला गोडं पाणी शोधत लांब उडावं लागलं आणि २३ पक्षी गेले असं सांगत लोक कोर्टात गेले. २०१३ ला खालच्या कोर्टानं पक्ष्यांच्या बाजूनं निकाल दिला, २०१४ ला वरच्या कोर्टानं तो फिरवला. पाणी देणाऱ्या खात्याचा आणि पक्षी मरण्याचा संबंध फार लांबचा आहे, असं काहीसं म्हणणं पडलं. मी कायदेवाला नाही. पण अंतर खाडी ते नदीच्या दरवाज्यापर्यंतचं आहे, आणि ते पाणी रोज कापतं.

उत्तरेकडच्या टोकाबद्दल थोडंच लिहितो कारण तिथे तुमचा हात फारसा पोचत नाही. याकुतियातल्या टुंड्रात गोठलेल्या जमिनीवरच्या सपाट दलदलींत ते घरटं करतात, आजूबाजूला पाणी असेल अशाच जागी, अंडी जेमतेम महिनाभर उबवायची आणि पिल्लानं छोट्याशा उन्हाळ्यात उडायला शिकायचं. बर्फ कधी वितळतं ते दहा-पंधरा दिवस इकडचं तिकडे झालं की गणित बिघडतं, आणि खालची गोठलेली जमीनच आता विरघळायला लागलीय. ते थांबवणं ११ देशांच्या हातात नाही. म्हणून तर जे हातात आहे त्याचा आग्रह धरतोय.

तर मागणं काय. तुमच्या प्रत्येक धरणाला, बंधाऱ्याला एक ऑपरेशन शेड्यूल असतं, कुठल्या महिन्यात पातळी किती ठेवायची, विसर्ग किती. त्यात पूर नियंत्रण असतं, सिंचनाची आवर्तनं असतात, वीज असते, पिण्याचं पाणी असतं. त्यातच एक रकाना क्रौंचाच्या पाणथळाचा घाला, परिशिष्टात नको, मूळ तक्त्यात. पोयांगच्या बाबतीत बंधारा झालाच तर त्याच्या आधी हा तक्ता लोकांसमोर ठेवा, आणि वर थ्री गॉर्जेस भरायच्या तारखाही त्याच टेबलावर आणा, कारण एकाचं कुलूप दुसऱ्याच्या किल्लीनं उघडत नाही. क्रौंचांसाठी पाणी उतरवल्यामुळे ज्या शेतकऱ्याचं किंवा कोळ्याचं नुकसान होणार त्याला भरपाई त्याच वर्षी द्या, भरतपूरला आपण लोकांना बाहेर काढून पक्षी वाचवायला गेलो आणि दोन्ही घालवलं. भूतानच्या फोबजिखा खोऱ्यात काळ्या मानेच्या क्रौंचांसाठी विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या, गावाला वीज मिळाली आणि पक्षीही तारांना धडकत नाहीत, म्हणजे लोकांना सोबत घेऊन होतं, झालेलं आहे.

आणि करारवाल्या देशांची पुढची जी बैठक होईल तिला पर्यावरणवाल्यांबरोबर दर देशाचा निदान एक पाटबंधारेवाला यायलाच हवा. १९७७ साली, शीतयुद्ध ऐन भरात असताना, सायबेरियन क्रौंचाची अंडी सोव्हिएत रशियातून अमेरिकेत विस्कॉन्सिनला नेली होती, तिथे नवीनच निघालेल्या इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशनकडे, विमानात अंगाजवळ जपत. ते दोन देश तेव्हा एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसले होते. त्या मानानं एका सरकारातली दोन खाती एका टेबलावर बसवणं अवघड नसावं, म्हणजे मला तरी असं वाटतं, बाकी सरकारी कामकाजाचा अनुभव तुम्हाला जास्त.

पत्राचं उत्तर बहुतेक येणार नाही याची कल्पना आहे. पण कोणाला द्यावंसं वाटलंच तर आम्ही कटिबद्ध आहोत वगैरे लिहू नका, एक कागद पाठवा फक्त. तुमच्या हद्दीतल्या क्रौंचाच्या पाणथळाचं नाव, ऑक्टोबर ते मार्च, महिना आणि त्यासमोर पाण्याची पातळी मीटरमध्ये, आणि खाली दरवाज्याची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याची सही.

आपला,
एक पक्षीनिरीक्षक